कळमळ आणि कळवळ

माझ्या वडिलांच्या अखेरच्या आजारात माझा जीव त्यांच्यासाठी कळवळला, असे एका स्मरणिकेत माझ्या नावावर छापलेले आहे. ते वाक्य मी लिहिलेले नाही. ते वाचून ज्यांचे डोळे पाणावले, ज्यांनी मला धंतोलीच्या रस्त्यात थांबवून माझा हात हातात घेतला, ज्यांनी ते वक्तृत्वाच्या स्पर्धांतून आवाज कापरा करून म्हटले, त्या सर्वांना मला एवढेच सांगायचे आहे की आपण एका प्राध्यापकाच्या लाल शाईवर रडलात. माझ्या अनुभवाशी त्या अश्रूंचा काडीचा संबंध नाही. मला त्या दिवसांत किळस आली होती. रोज आली. आणि त्या किळसेची मला आजही लाज वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्या एका गोष्टीची, आणि ती गोष्ट मी येथे लपवणार नाही.

माझा धाकटा भाऊ सांगतो ती हकिकतही मी नाकारतो. तो सांगतो की दादा रात्रंदिवस बाबांच्या पायाशी बसून अश्रू ढाळीत असे. त्याला हे कसे ठाऊक? तो पुण्यास नोकरीला होता. तीन महिन्यांत तीनदा आला, आणि तिन्ही वेळा त्याने स्वतःच इतके अश्रू ढाळले की समोरचा माणूस कोरडा आहे की ओला, हे त्याला दिसणे शक्य नव्हते.

हे एकोणीसशे पंचाहत्तरच्या आसपासचे दिवस. वडील एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक होते. आमचे घर सक्करदऱ्याला. पहाटे तलावाच्या काठाने दोन फेऱ्या मारणे हा त्यांचा नेम. मधुमेह जुना होता. चपलेचा खिळा टाचेत रुतला, तो त्यांना कळलाच नाही, कारण पायातली संवेदना जवळजवळ गेलीच होती. जखम कळली तेव्हा तिला वास येत होता. धंतोलीच्या एका डॉक्टरांनी दोन बोटे कापली, टाचेचा बराच भाग खरवडून काढला, तीन आठवडे ठेवून घेतले आणि मग घरी न्या म्हणून सांगितले. घरी एक दिवसाआड कंपाउंडर येत असे. मधल्या दिवशी ड्रेसिंग मी करीत असे.

वैशाख होता. खिडक्यांना वाळ्याच्या तट्ट्या लावलेल्या, त्यांवर दर तासाला पाणी मारायचे. ओल्या वाळ्याचा सुगंध ज्यांना माहेरासारखा प्रिय आहे, त्यांनी तो सडत्या मांसाच्या वासात मिसळलेला कधी घेतलेला नाही. तो वास नाकाने येत नाही, घशाने येतो. जेवताना वरणात येतो. कॉलेजात वर्गावर उभा असताना खडूच्या धुळीतून येतो. मी अंगाला साबण लावून पाहिला, कापूर जवळ बाळगून पाहिला. वास माझ्या अंगावर नव्हताच. तो माझ्या आत जाऊन बसला होता.

भेटायला येणारे लोक दारातच नाक आक्रसून घेत आणि मग ते आक्रसलेले नाक सोडवीत सोडवीत खाटेपर्यंत येत. येताना संत्री आणत. मधुमेह झालेल्या माणसाला संत्री! पण हळूहळू मला त्यातली युक्ती कळली. ते स्वतःच एक संत्रे सोलायला घेत आणि साल नाकाजवळ ठेवूनच पुढचे बोलत. वडिलांचे जुने विद्यार्थी, आता वकील झालेले, डॉक्टर झालेले, लकडगंजात मोठ्या पेढ्या थाटून बसलेले. सालीच्या आडून म्हणत, "सर, चेहऱ्यावर काय तेज आहे तुमच्या!"

वडील म्हणत, "बसा."

तेज! खोलीत एक पाय सडत होता, सगळ्यांच्या नाकाला ते ठाऊक होते, आणि सगळ्यांच्या तोंडून तेज बाहेर पडत होते. त्या सालींची घाण मला त्या पायाहून अधिक वाटे. पाय निदान जे होते ते सांगत होता.

भाऊ आला की दारातूनच "बाबा" असा टाहो फोडी आणि खाटेवर कोसळे. कोसळताना तो नेमका उजव्या, धड पायावर कोसळे. डावा पाय तीन महिन्यांत त्याने एकदाही पाहिला नाही. मी बांधलेले पांढरे बँडेज तेवढे पाहिले. ड्रेसिंगची वेळ झाली की त्याला तार करायची आठवण होई किंवा मामांना भेटून यायचे असे. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवी आणि मग माझ्याकडे वळून म्हणे, "पाहा, त्याले कसं भरून येते. तू त दगडच आहे गा."

मी चिमटा उकळत ठेवलेल्या पाण्याकडे पाहत असे.

आमच्या घरात बोलीचा एक नियम होता आणि तो पुढच्या गोष्टीसाठी सांगणे भाग आहे. वडील स्वतः वर्धेकडच्या एका खेड्यातले. पण मुख्याध्यापक झाल्यापासून त्यांच्या तोंडून कोणी 'मले' ऐकले नव्हते. आम्ही भावंडांनी 'मले पायजे' म्हटले की ते वर्तमानपत्र खाली घेत आणि शांतपणे म्हणत, "पुन्हा म्हण." 'मला पाहिजे' म्हणेपर्यंत ताटात काही पडत नसे. 'काळा'चा 'काया' झाला, 'डोळ्या'चा 'डोया' झाला, की वर्तमानपत्र खाली. आईला मात्र हा नियम लागू नव्हता. तिने पहिल्याच वर्षी त्यांना ठणकावले होते, "शाळा तिकडे. माह्या चुलीपाशी मास्तरकी नोको." त्यामुळे आमच्या घरात दोन भाषा होत्या. एक वडिलांची, ती छापल्यासारखी. एक आईची, ती जिवंत. मी वडिलांची घेतली. मराठीचा अध्यापक झालो. त्यांना त्याचा अभिमान होता आणि मला त्यांच्या अभिमानाचा.

त्या सकाळी कंपाउंडर यायचा दिवस नव्हता. मी गॉज काढला, पेरॉक्साइड ओतले, फेस वर आला, फेस पुसला. टाचेच्या खोलगट भागात काहीतरी हलले. मला वाटले कापसाचा तंतू असेल. तो तंतू नव्हता. अळी होती. एक नव्हती.

चिमटा वाटीत ठेवलेला आठवतो. मी न्हाणीपर्यंत पोचलो आणि सकाळचा चहा, आदल्या दिवसाचे जेवण, जे काही होते ते सर्व ओकून टाकले. ओकताना मला बापाची दया आली नाही. दुःख झाले नाही. मला फक्त त्या पायापासून दूर जायचे होते, इतके दूर की तो पाय ज्याचा आहे तो माणूसही माझा कोणी नसावा. हे मी जसे होते तसे लिहितो आहे. असा विचार मनात आला नाही म्हणणाऱ्याने एकदा तसा पाय उघडून बघावा आणि मग माझ्याशी बोलावे.

चूळ भरून मी परत आलो. दुसरा कोण येणार होता?

वडील छताकडे पाहत होते. म्हणाले, "काय झाले?"

"काही नाही, बाबा."

"मुख्याध्यापकाच्या मुलाने खोटे बोलू नये. काय झाले?"

मला काय सुचले कोणास ठाऊक. मी वर्गात ज्या शब्दांनी किळस शिकवीत होतो, त्यांपैकी एकही शब्द तोंडात आला नाही. लहानपणी बैलगाडीत उलटी व्हायच्या आधी आईच्या मांडीत तोंड खुपसून जे म्हणत असे, तेच बाहेर पडले.

"जीव कयमयला."

वर्तमानपत्र खाली येईल, 'पुन्हा म्हण' होईल, असे एक क्षण वाटले. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. मग त्यांच्या पोटात काहीतरी हलले. मला वाटले त्यांनाही उलटी येते आहे, म्हणून मी भांडे पुढे केले. ते हसत होते.

"मलेही कयमयते," वडील म्हणाले. "पंधरा दिवस झाले. पन सांगू कोनाले? तुही माय म्हनते, देवाचं नाव घ्या. तुहा भाऊ रडत बसते. लोकं येतात, म्हनतात तेज आहे. अन् इथं मले माह्याच पायाची घीन येऊन राहिली."

मी पुन्हा पायाशी बसलो.

"किडे पडले का गा?"

"हो."

"म्हनूनच. सकायपासून काहीतरी चालल्यासारखं वाटून राहिलं होतं. चांगलं झालं, मी येडा नाही झालो अजून." मग जरा थांबून, "तू गेला, ओकला, अन् वापस आला. बस झालं. धर चिमटा."

मी चिमटा धरला. एकेक अळी काढून वाटीत टाकली. ते मोजत होते. चौथीला म्हणाले, "हे त पहिल्या बाकावरचे झाले. मागच्या बाकावरचे दडून असन." मी हसलो. आम्ही दोघे हसलो. त्या खोलीत, त्या वासात, इतक्या दिवसांत प्रथम कोणीतरी खरे बोलले होते, आणि ते बोलणे माझ्या वडिलांनी आयुष्यभर घराबाहेर ठेवलेल्या भाषेत बोलले गेले होते. आमच्यात याहून जवळिकीचा क्षण आधी कधी आला नव्हता. पुढे यायला अवधी नव्हता. तीन आठवड्यांनी ते गेले. मी रडलो नाही. माझे रडणे न्हाणीच्या मोरीतून आधीच वाहून गेले होते, असे कोणी म्हणेल तर तेही मला मान्य नाही. ते रडणे नव्हते. ती ओकारी होती. एका गोष्टीला दुसरीचे नाव देण्याची एवढी घाई माणसांना का असते?

वर्षभराने माजी विद्यार्थ्यांनी स्मरणिका काढायचे ठरवले. संपादक वडिलांचे आवडते विद्यार्थी, तेव्हा एका महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक. रसचर्चेवर त्यांची व्याख्याने गाजत. गोरा, गोल, नेहमी अत्तर लावलेला माणूस. त्यांनी माझ्याकडून लेख मागितला. मी चार पाने लिहिली. त्यात पाय होता, वास होता, अळ्या होत्या, न्हाणी होती, आणि ते बोलणे होते.

आता लाजेची गोष्ट. ते बोलणे मी जसे झाले तसे लिहिले नाही. कागदावर लेखणी टेकताच माझ्या डोक्यात वर्तमानपत्र खाली आले. मुख्याध्यापकांच्या स्मरणिकेत मुख्याध्यापक 'मलेही कयमयते' म्हणतात, हे कसे दिसेल? पुण्यामुंबईचे लोक वाचतील, हसतील. मी 'य'चा 'ळ' केला. 'मले'चा 'मला' केला. लिहिले: "माझा जीव कळमळला. वडील म्हणाले, माझाही जीव कळमळतो." स्वच्छ, सुबक, छापण्याजोगे. जो माणूस मरणाच्या दारात तीस वर्षांची इस्त्री उतरवून माझ्याशी चार वाक्ये बोलला, त्याला मी परत कडक कपडे चढवले आणि सभेत आणून बसवले.

स्मरणिका हातात पडली तेव्हा त्यात छापले होते: "हुंदका आवरीत मी खोलीबाहेर गेलो. त्या दिवशी माझा जीव कळवळला. वडील म्हणाले, बाळ, माझाही जीव तुझ्यासाठी कळवळतो."

बाळ! माझ्या वडिलांनी मला उभ्या जन्मात बाळ म्हटले नाही. अळ्या गेल्या होत्या. वास गेला होता. न्हाणी गेली होती. 'म'चा 'व' झाला होता, आणि तेवढ्याने एका माणसाची ओकारी दुसऱ्याचे गहिवरणे होऊन बसली होती.

मी त्याच दुपारी धंतोलीला प्राध्यापकांच्या घरी गेलो. ते झोपाळ्यावर बसले होते.

"या, या! काय उतरलाय तुमचा लेख! माझ्या मिसेस दोनदा रडल्या."

"तो माझा लेख नाही, सर."

"म्हणजे?"

"मी कळमळला लिहिले होते. मळमळ या अर्थी. मी ओकलो होतो."

त्यांनी झोपाळा पायाने थांबवला. "अहो, ते मला कळले की. पण जरा विचार करा. पितृशोकाचा प्रसंग. स्थायीभाव शोक. तिथे तुम्ही जुगुप्सा घुसवलीत. करुण मरतो हो अशाने. वाचकाने काय, नाकाला रुमाल लावून वाचायचे?"

"आम्ही बिनरुमालाने केले ते. वाचायला काय जाते?"

"तुम्हाला काय वाटले, हा प्रश्नच नाही. साहित्यात काय वाटायला हवे, हा प्रश्न आहे."

"मग वाटले ते कोठे लिहायचे?"

"डॉक्टरच्या केसपेपरवर," ते म्हणाले आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन झोपाळा पुन्हा सुरू केला.

मी म्हणालो की प्रत्येक प्रतीला शुद्धिपत्र जोडा. तेव्हा ते उठले आणि कपाटातून एक जुना जाडजूड कोश काढून आणला. बोट ठेवून मला दाखवले. कळमळणे: पोटात ढवळणे, मळमळणे. आणि त्याच्याच खाली: दयेने किंवा मायेने जीव कासावीस होणे.

"शब्द तुम्हीच निवडलात," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंना उघडणारे दार आहे हे. मी फक्त लोकांना चांगल्या बाजूने आत घेतले. वाचकाला अडखळू नये म्हणून एक अक्षर बदलले. याला संपादन म्हणतात."

या माणसाची मला त्या क्षणी इतकी शिसारी आली की त्याच्या अत्तराचा वास आणि वाळ्याचा वास घशात एक झाला. पण कोश मी मिटला आणि त्यांच्या हाती परत दिला. कारण 'कयमय' त्या कोशात नव्हते. 'कयमय'ला दुसरी बाजू नाही. आमच्याकडे कोणाचाही जीव दयेने कयमयत नाही. मी वडिलांचा शब्द वडिलांसारखा लिहिला असता, तर प्राध्यापकांना तो एक तर ठेवावा लागला असता, नाही तर काढावा लागला असता. वाकवता आला नसता. तो वाकण्याजोगा मी केला होता.

घरी आलो तर आई स्मरणिका मांडीवर घेऊन बसली होती. शेजारणीने तिला ते पान वाचून दाखवले होते. आई माझ्याकडे पाहून म्हणाली, "मले वाटे तू दगड आहे. पोटात ठेवलं होतं न गा तू सगळं." आणि तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, जसा भावाच्या पाठीवरून फिरवी.

मी शुद्धिपत्राचे नाव काढले नाही. सहा-सात वर्षे काढले नाही. या काळात भावाने ते वाक्य पाठ केले, दर पुण्यतिथीला म्हटले, आणि म्हणता म्हणता त्यात स्वतःलाही आणून बसवले; 'माझाही जीव तुम्हां दोघांसाठी कळवळतो' असे वडील म्हणू लागले. मी ऐकत राहिलो. आईच्या हाताची ऊब मला आवडत होती. ती खोट्या वाक्याची आहे हे ठाऊक असून आवडत होती. किळस या विषयावर एवढे लिहितो आहे, तर माझी स्वतःची मला कधी आली हेही सांगितले पाहिजे. या वर्षांत आली.

मग वर्गातला तो दिवस. ऐंशीनंतरची गोष्ट. मी नवरस शिकवीत होतो. बीभत्साला आम्ही पाच मिनिटे देत असू. रणांगण, गिधाडे, आतडी. उदाहरण संपले, पुढे चला. मी विचारले, "घरात, रोजच्या आयुष्यात किळस कोणाला आली आहे?" मुले हसली. एक विद्यार्थी उभा राहिला. याच शहरात छप्पन साली धर्मांतर करून बौद्ध झालेल्या घरांपैकी एका घरातला, अभ्यासात सर्वांच्या पुढे, बोलायला धारदार.

"सर, आमची येते लोकांना. ती कोणत्या रसात बसते?"

तो पुढे म्हणाला, "किळस येते ती कोणी लिहीत नाही, सर. लिहितात कळवळा. आमच्याबद्दलचा कळवळा आम्ही बम वाचला पुस्तकात, ढिगानं. लिहिणाऱ्यापैकी एकही आमच्या घरी पाणी प्यायला नाही." आणि मग, टोमणा नव्हे, खरेच विचारावे तसे, "तुमचा तो उतारा आम्हाले वक्तृत्वाले होता. तुमचा जीव खरंच कळवळला होता का, सर?"

मी म्हणालो, "पुढचे पान काढा."

यापेक्षा हलके वाक्य मी वर्गात कधी उच्चारलेले नाही. वडील ओकून परत आलेल्या मुलाला म्हणाले होते, बस झालं. ज्यांच्या वाट्याला लोकांची किळस रोज येते त्यांच्याकडे कोणी ओकूनही परत येत नाही. साल नाकाला लावून तेज आहे म्हणतात. हे सर्व मला ठाऊक होते आणि मी पान उलटले.

त्या वर्षीची पुण्यतिथीची सभा सकाळी शाळेच्या सभागृहात झाली. व्यासपीठावर प्राध्यापक, भाऊ आणि मी. आई पहिल्या रांगेत. भाऊ उभा राहिला, चष्मा काढला, पुसला आणि सुरू झाला. "बाबा म्हणाले, बाळ…"

मी उठलो. "बाबा असे म्हणाले नाहीत."

"दादा, बस ना."

"तू तेथे नव्हतास. मी होतो." मग मी सभेकडे वळलो आणि सर्व सांगितले. पाय, फेस, अळ्या, न्हाणी. आणि वडिलांची सगळी वाक्ये, त्यांच्या तोंडची, 'मले' आणि 'कयमयते' आणि 'घीन' आणि मागच्या बाकावरच्यांसकट. प्रमाण मराठीत मी त्या दिवशी एक अक्षर त्यांच्या तोंडी घातले नाही. मागून कोणीतरी हसले. एक बाई तोंडाला पदर लावून उठून गेली. तिला धन्यवाद. त्या सभागृहात त्या सकाळी तिलाच माझे बोलणे नीट कळले होते.

प्राध्यापक मला खाली बसवीत ध्वनिक्षेपकावर म्हणाले, "भावनेच्या भरात माणूस कधीकधी…"

"कोणत्या भावनेच्या, तेवढे सांगा," मी म्हणालो. त्यांनी ध्वनिक्षेपक बंद केला. माझ्या समाधानाला तेवढे पुरे होते. पुढे त्यांनी सर्वत्र सांगितले की वयापरत्वे माझा तोल गेला. मी तेव्हा पन्नाशीचाही नव्हतो.

भाऊ परस्पर स्टेशनवर गेला. सायकलरिक्षात आई माझ्याशेजारी बसली होती, पण तिने पदर माझ्याकडून ओढून घेतला होता. घरी आल्यावर तिने पाट मांडला, ताट ठेवले आणि वाढण्याचे सोडून समोर बसली.

"काहून सांगितलं गा?"

"खोटे छापले होते, आई."

"छापलं होतं त छापलं होतं. तुह्या बाबाचं एवढं नाव. तू चारचौघात त्याचा पाय उघडा केला." तिचा आवाज चढला. "त्याले घीन आली म्हनते, तुले आली म्हनते. मले नाही आली. एक दिवस नाही. नवऱ्याची घीन येते का बाईले?"

मी तिच्याकडे पाहिले. ती आता नाही, म्हणून लिहितो. ड्रेसिंगच्या वेळी ती दाराआड उभी राहत असे आणि पदराचा बोळा दातांत धरलेला असे. जुने बँडेज ती काडीने उचलून धुवायच्या पाण्यात सोडी आणि मग, भर उन्हात, दिवसातली तिसरी आंघोळ करी. मी हे सर्व पाहिले होते. सकाळी ज्या तोंडाने भरल्या सभेत प्राध्यापकांना आणि भावाला खोटे पाडले, ते तोंड माझे उघडले होतेच.

ती थांबली होती. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होती. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "सांग न. तू त सगळं पाह्यलं. आली होती का मले?"

"नाही वं आई," मी म्हणालो. "तुले नाही आली."

तिने भाताचे भांडे ओढून घेतले आणि ताटात भात वाढला.